किल्ली सापडत नाही

४ जानेवारी

टिल्लू,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मेलने पत्र पाठवतेय, त्यात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. सगळं वाच आणि मग काय ते बोल.

छापखाना बंद पडलाय. यंत्र ठणठणीत आहे, कागद आहे, कागद लावणारी हजर आहे, शिलाईवाला सुई-दोरा घेऊन बसून आहे. बंद पडलाय तो प्रोग्राम. ज्याच्यावर मी गेली कितीतरी वर्षं ब्रेलची पानं जुळवते, तोच. संगणक सुरू केला की तो त्याच्या सर्दी झालेल्या मास्तरासारख्या आवाजात आधी एक लांबलचक आकडा म्हणतो आणि मग म्हणतो, "किल्ली सापडत नाही." किल्ली म्हणजे मागच्या बाजूला खोचलेलं ते बोटाच्या पेराएवढं उपकरण. ते खोचलेलं असेल तरच प्रोग्राम चालतो. मी ते काढलं, पुसलं, परत खोचलं, शिव्या दिल्या, परत खोचलं. सापडत नाही म्हणजे नाही.

ज्या कंपनीने तो बनवला, ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि दुसरीने तो गुंडाळून ठेवला. त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला तर एक गोड गळ्याची बाई म्हणाली, "हे उत्पादन आता अस्तित्वात नाही." म्हटलं, बाई, माझ्या टेबलावर आहे की! तर म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?" आणखी! जशी काही आधी केलीच होती.

तुला वाटेल, नवीन घे, त्यात काय. तर ऐक. शाळेच्या शेवटच्या वर्गाचं भूमितीचं पुस्तक अर्धं छापून झालंय. मजकूर झालाय, उठावाच्या आकृत्या राहिल्यात. त्या सगळ्या आकृत्या या प्रोग्रामच्या पोटात आहेत आणि दुसरा कुठलाही प्रोग्राम त्या उघडत नाही. एकेक वर्तुळ मी बोटाने तपासून, पुसून, पुन्हा काढून बसवलंय. मार्चच्या दहा तारखेला भूमितीचा पेपर आहे. डोळस मुलांना पुस्तक मिळून सहा महिने झाले. माझ्या मुलांनी काय करायचं? त्रिकोण ऐकून समजत नाही रे.

तू त्या क्षेत्रातला आहेस. काहीतरी सुचव.

ताई

६ जानेवारी

ताई,

पत्र वाचलं. सगळं वाचलं, मध्ये तोंड न घालता.

अगं, तो प्रोग्राम म्हणजे पुराणवस्तू झाली. आमच्याकडे असलं काही कुणी वापरताना दिसलं तर आम्ही त्याच्यासोबत फोटो काढू. आज ना उद्या हे होणारच होतं. मी एका नवीन प्रोग्रामची चाचणी प्रत तुला पाठवतोय. देखणा आहे, सोपा आहे, आकृत्या तर नुसत्या ओढून सोडायच्या. पुन्हा काढायला लागतील खऱ्या, पण त्यानिमित्ताने सगळं नव्याने होऊन जाईल.

अगदीच जुनं चालवायचा हट्ट असेल तर अशा गोष्टींचे फोरम असतात, तिथे विचारून बघ. पण फार आशा ठेवू नकोस.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?

टिल्लू

११ जानेवारी

टिल्लू,

गुडघा बरा आहे. डोकं फिरलंय.

तुझा देखणा प्रोग्राम आला. देखणा असेलही, मला काय त्याचं! त्यात आकृती "ओढून सोडायची" म्हणजे माउसने. माउसचा बाण पडद्यावर कुठे आहे ते बघून. तुला सख्खी बहीण एकच आहे आणि ती जन्मापासून आंधळी आहे, एवढं तरी पाठवण्याआधी आठवायचं होतंस. बोलणारा भाग आहे म्हणे त्यात. मी चालू केला. दर वेळी तो "बटण" म्हणतो. कसलं बटण ते सांगत नाही. बटण, बटण, बटण. तासभर ऐकलं आणि बंद केलं.

मग गेले फोरमवर. आत शिरायच्या आधी, मी माणूस आहे हे सिद्ध करायला सांगितलं. ज्या चित्रांत पूल आहे ती चित्रं निवडा. दुसरा मार्ग कानाने ऐकायचा. त्यात कुणीतरी पिंपात बसून, तोंडात घास ठेवून आकडे म्हणत होतं. सातव्यांदा मी माणूस ठरले.

तिथे माझाच प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला होता. अगदी हाच, "किल्ली सापडत नाही". म्हटलं, सुटले! खाली उत्तरं होती. एकाने लिहिलं होतं, मलाही हेच होतंय. दुसऱ्याने, मलाही. आणि शेवटी ज्याने प्रश्न विचारला होता त्याचं, "सुटला प्रश्न, धन्यवाद मंडळी." बस. कसा सुटला ते नाही! मेल्या, तुझा सुटला, माझं काय? असा माणूस समोर आला असता तर मी त्याचा कान उपटून त्याच्याच हातात दिला असता.

मग मी माझा प्रश्न लिहिला. आंधळी आहे असं लिहिलं नाही. तसं म्हटलं की लोक उत्तर द्यायचं सोडून हळहळत बसतात. तर काय काय उत्तरं आली ते ऐक. "अजून हे वापरता?" "संग्रहालयाला देऊन टाका." "विचारण्याआधी शोधा." आणि एक शहाणा, "पडद्याचा फोटो टाका, त्याशिवाय काही सांगता येणार नाही."

बरं बाबा. मी फोन धरला पडद्यासमोर, अंदाजाने तीनदा जागा बदलून काढला फोटो आणि टाकला. अर्ध्या तासात नुसता हशा. का, तर फोटोत सगळं काळं. "बाई, तुमचा मॉनिटर मेलाय, तोच तुमचा प्रॉब्लेम!" टिल्लू, तो पडदा मेलेलाच होता. कधी मेला देव जाणे. दोन वर्षं झाली असतील नाहीतर पाच. इथे आम्ही तिघेही न बघणारे, तो चालू आहे की बंद ते कळणार कुणाला? त्या मेलेल्या पडद्यावर कागदवाली रोज फडकं मारते.

कुणाची तरी मस्करी केल्याशिवाय या लोकांना जेवण जात नाही का?

एकच जण निराळा निघाला. त्याने स्वतःचं नाव "खटपट्या" ठेवलंय. त्याने विचारलं, "फोटो राहू द्या. सुरू केल्यावर काय काय ऐकू येतं ते ओळीने लिहा." मी लिहिलं, तो लांबलचक आकडा तेवढा गाळून. त्याला समाधान वाटलं असावं, कारण त्याने पुढचे चार प्रश्न विचारले आणि चारही कामाचे. म्हणतो, किल्लीच्या आतला सेल संपलाय, अशा त्याने पूर्वी कितीतरी उघडल्यात. ती त्याला टपालाने पाठवली तर दुरुस्त करून देईल.

ताई

१२ जानेवारी

ताई,

चाचणी प्रत पाठवताना माझं चुकलं. खरंच चुकलं. त्या पडद्याचं वाचून मात्र हसू आवरलं नाही, खोटं कशाला बोलू. माझ्या बायकोला सांगितलं तर तीही हसली.

पण ती किल्ली पाठवू नकोस! हा खटपट्या कोण, कुठला, काही माहीत आहे का? फुकटात मदत कोण करतं आजकाल? त्या जुन्या किल्ल्यांना अजून गिऱ्हाईक आहे. हा ती घेणार आणि पसार होणार. आमच्या ऑफिसात आठवड्याला एक तरी असली भानगड येते. बहुतेक वेळा फसलेला माणूस वयस्कर असतो आणि म्हणतो, "बोलायला फार चांगला होता हो."

तुला माणसाचा चेहरा दिसत नाही, ताई. राग मानू नकोस, पण तू आवाजावर जातेस, आणि इथे तर आवाजही नाही.

टिल्लू

१८ जानेवारी

टिल्लू,

राग मानला.

तू चेहरे बघून माणसं ओळखतोस ना? मग ज्याच्याबरोबर भागीदारी करून हात पोळून घेतलेस, त्याचा चेहरा बघितला नव्हतास? तुझ्या लग्नात तर त्याला मिठी मारून फोटो काढला होतास म्हणे. मी आंधळी आहे, बावळट नाही. दोन्हींतला फरक तुला लहानपणापासून कळलेला नाही.

किल्ली पाठवली. शिलाईवाला आणि मी टपाल कचेरीत गेलो, तिथल्या बाईंनी दोन्ही पत्ते लिहून दिले. खटपट्याला मी जे जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं, जे माहीत नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणाला. तुमच्या मदतीच्या नंबरवरच्या एकीने तरी असं म्हटलंय का कधी? शिवाय त्याची जुनी उत्तरं मी वाचून काढली. विणकामाच्या यंत्राचं, दंतवैद्याच्या खुर्चीचं, कुठल्याशा गिरणीच्या वजनकाट्याचं. ज्या ज्या वस्तूला तिच्या कंपनीने टाकून दिलं, तिच्या मागे हा उभा. वर्षानुवर्षं. फसवणारा एवढी मेहनत करेल का?

शाळेच्या बाईंचा फोन आला होता. मी सांगितलं, फेब्रुवारीच्या मध्यावर पुस्तक देते. आता शब्द दिलाय.

ताई

२० जानेवारी

ताई,

बरं. पाठवलीस तर पाठवलीस. मी आता यावर काही बोलत नाही, तुला पटणारही नाही. काळजी घे. गुडघ्याला शेक देत जा.

टिल्लू

५ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं खरं झालं. घे, नाच.

खटपट्या नाहीसा झालाय. किल्ली पोचल्याचा टपालाचा संदेश फोनवर आला आणि त्यानंतर चकार शब्द नाही. मी फोरमवर निरोप पाठवला, तर संगणक म्हणतो, "असा सदस्य नाही." त्याची सगळी उत्तरंही गायब. माझ्या प्रश्नाला कुलूप. जसा काही तो कधी नव्हताच.

मला भयंकर चीड आलीय. त्याची चीड आहेच, माझी जास्त आहे. किल्ली गेली म्हणजे आता कुणी दुसरा दुरुस्त करणारा भेटला तरी उपयोग नाही. कागदवाली रोज येऊन विचारते, "आज?" मी म्हणते, "आज नाही." शिलाईवाला रोज सुईत दोरा ओवून बसतो, ते त्याहून वाईट. अर्धी पुस्तकं नुसती रचून ठेवली आहेत.

काल रागाच्या भरात नवीन प्रोग्रामवर एक वर्तुळ काढायला बसले. संध्याकाळी छापून बघितलं तर बोटाला बटाटा लागला.

एक विचारते. त्याचा पत्ता पार्सलाच्या पावतीवर आहे. त्या पत्त्यावर एक खरमरीत पत्र टाकू का? निदान किल्ली तरी परत मागते. तुला यातलं कळतं, सांग.

ताई

७ फेब्रुवारी

ताई,

नाचत नाही. वाईट वाटलं. मी म्हटलं होतं ते खरं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

त्या पत्त्यावर काहीही पाठवू नकोस. पत्र गेलं की त्याला कळणार, बाई अजून आशेवर आहे, आणि मग तो पैसे मागायला लागेल. ही त्यांची ठरलेली पद्धत असते. तो विषय संपला असं धर.

शाळेला सरळ सांगून टाक की यंदा जमणार नाही. सगळे समजून घेतील. तू एकटी किती करणार? तुझं वयही झालं. मी पुढच्या महिन्यात येतो, मग बसून ठरवू छापखान्याचं काय करायचं ते.

टिल्लू

२६ फेब्रुवारी

हे पत्र तू उभ्याने वाच.

आज हिशेबनीस आला होता. तुला माहीत आहे, तुझी पत्रं संगणक वाचून दाखवतो, पण शाईचं टपाल आमच्याकडे तोच वाचतो, महिन्याच्या अखेरीस येऊन. एरवी येतात ती विजेची बिलं नाहीतर जाहिराती, त्यामुळे कुणाचं अडत नाही. गेल्या महिन्यात तो येऊन गेला आणि एक-दोन दिवसांतच एक पत्र आलं असणार. ते इथेच टेबलावर होतं. मी रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते.

पत्र खटपट्याचं. तारीख २३ जानेवारी. हिशेबनिसाकडून तीनदा वाचून घेतलं, त्यामुळे पाठ आहे. घे:

"आपली किल्ली मिळाली, उघडली. सेल गेला होता, नवीन घातला. पण सेल गेल्याने आतला आकडा पुसला गेला आहे. आपला प्रोग्राम सुरू होताना जो आकडा बोलतो, तो मला कळवा, म्हणजे किल्लीत भरून लगेच परत करतो. फोरमवरून आपल्याला विचारता येत नाही, कारण माझ्याविरुद्ध तक्रार आल्यामुळे मला काढून टाकलं आहे. तक्रार आपल्या नातेवाइकाची आहे असं कळलं. आपल्याला विश्वास वाटत नसेल तर हरकत नाही, तसं स्पष्ट सांगा, किल्ली आहे तशी परत पाठवतो. खाली फोन नंबर देत आहे."

नातेवाईक! माझे नातेवाईक किती आहेत, टिल्लू? मोजायला एक बोट पुरतं.

मी त्याच क्षणी फोन लावला. म्हातारा गृहस्थ आहे. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "मला वाटलं, तुम्हीच तक्रार केलीत." मी म्हटलं, मला आजच कळतंय. तर म्हणाला, "पण मी तर महिन्यापूर्वी पत्र टाकलं." मग मला सांगावं लागलं की मी आंधळी आहे. त्याने आधी, पत्र कुणी वाचून दाखवलं ते विचारलं. मग म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर मी टेप भरून पाठवली असती." तेवढी चूक माझी आहे, ती मी घेते. बाकीची तुझी.

त्याला तो आकडा सांगायला मला एक मिनिट लागलं. त्या एका मिनिटाच्या कामाला महिना गेला!

आणि पाच तारखेला मी तुला विचारलं होतं. त्या पत्त्यावर पत्र टाकू का, म्हणून विचारलं होतं. तुला माहीत होतं तो का नाहीसा झाला. तुझ्यामुळे झाला हे माहीत होतं. तरी मला लिहिलंस, काही पाठवू नकोस, विषय संपला. आणि वर माझं वय काढलंस. लाज नाही वाटली? सख्ख्या बहिणीला महिनाभर अंधारात ठेवलंस. मी जन्मभर तिथेच राहते, पण तिथे मला कुणी ढकललं नव्हतं.

खाली सही करत नाही. कोण लिहितंय ते तुला कळेल.

२७ फेब्रुवारी

ताई,

उभ्यानेच वाचलं. मग बसलो.

मीच केली तक्रार. वीस तारखेला तुला पत्र लिहिलं, त्याच दिवशी. तू ऐकणार नाहीस म्हणून तुझ्या पाठीमागून केली. मला वाटलं, ते चौकशी करतील, त्याला चार प्रश्न विचारतील, खोटा असेल तर उघडा पडेल. कुणी काही विचारलं नाही. एका झटक्यात काढून टाकलं. पाच तारखेचं तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, एवढ्या पटकन काढला म्हणजे नक्कीच चोर असणार. मला तो चोर निघायला हवा होता, ताई. नाहीतर मग मी कोण?

काल रात्रीपासून तक्रार मागे घ्यायला बघतोय. आधी मला मी माणूस आहे हे सिद्ध करावं लागलं. मग एक यंत्र उत्तरं देत राहिलं. "आपला प्रश्न सुटला का?" नाही. "आपला प्रश्न सुटल्याचा आनंद आहे." नाही म्हटलं रे भाड्या! ऑफिसातल्या सगळ्यांसमोर ओरडलो मी. शेवटी एक जिवंत माणूस मिळाला. तो म्हणतो, सदस्य काढला की त्याची उत्तरंही पुसली जातात, परत आणता येत नाहीत. पंधरा वर्षांची उत्तरं, ताई. ती विणकामाची यंत्रं, तो वजनकाटा. मी ज्या खात्यात काम करतो तिथे आम्ही रोज लोकांना हेच सांगतो, परत आणता येत नाही. पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूने ऐकलं.

मी सुट्टी टाकून येऊ का? किल्ली स्वतः जाऊन घेऊन येतो.

टिल्लू

२८ फेब्रुवारी

येऊ नकोस. किल्ली टपालात पडलीही. तू मध्ये पडलास तर आणखी उशीर होईल.

ताई

२४ मार्च

टिल्लू,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण आम्ही छापत होतो.

किल्ली सात तारखेला आली. खोचली, मास्तर खाकरले, आकडा म्हणाले आणि पहिलं पान उघडलं. कागदवाली टाळ्या वाजवायला लागली. मी तिला ओरडले, कागद लाव. दिवसभर यंत्र थांबू दिलं नाही. शिलाईवाल्याची बोटं सोलवटली. तरी सगळ्या आकृत्या व्हायला चौदा तारीख उजाडली.

पेपर दहाला झाला.

परीक्षा मंडळाने काय केलं ते सांगते. आकृत्यांचे प्रश्न आमच्या मुलांना माफ केले आणि त्याबद्दल सरसकट सरासरी गुण देऊन टाकले. शाळेच्या बाई म्हणाल्या, "चला, मुलांचं नुकसान तरी नाही झालं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्याला येत होतं त्यालाही तेवढेच आणि ज्याला येत नव्हतं त्यालाही तेवढेच. भूमिती माफ! कुणी मागितली होती माफी?

काल बाई पुस्तकं न्यायला आल्या, बरोबर वर्गातली एक मुलगी होती. तिला सगळे वकिलीणबाई म्हणतात, फार वाद घालते म्हणून. मी म्हटलं, आता कशाला नेता, परीक्षा तर झाली. तिने माझ्या हातातून एक प्रत ओढून घेतली आणि तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. वर्तुळाच्या स्पर्शिकेची आकृती शोधून काढली. तिचं बोट गोल फिरून त्या बिंदूपाशी येत होतं, तिथून रेषेवर सरकत होतं, परत येत होतं. मला ते कागदावर ऐकू येत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "एवढंच होय! फक्त टेकते!"

वर्षभर तिला कुणी ते समजावू शकलं नव्हतं.

आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "ताई, हे पुस्तक आधी का नाही आलं?"

बाई मध्ये पडल्या, यंत्र बिघडलं होतं वगैरे. ती म्हणाली, "मी ताईंना विचारतेय."

टिल्लू, मला खोटं बोलता आलं असतं. तू माझा भाऊ आहेस, मी तुला कडेवर घेऊन फिरलेय, तुला खरचटलं तरी मी आईशी भांडायचे. पण तिचं बोट अजून त्या आकृतीवर होतं. मी सांगितलं, एका माणसाला वाटलं, आंधळ्या बाईला काय कळतंय, आपणच तिच्यासाठी ठरवावं. म्हणून नाही आलं.

ती म्हणाली, "त्यांना माहीत आहे का, माझे गुण खिरापतीसारखे कुणालाही सारखे वाटले ते?" मी म्हटलं, नसेल. तर म्हणाली, "मग पत्ता द्या."

दिलाय. ती ब्रेलमध्ये लिहील. तुला वाचता येणार नाही, तेव्हा शीक. लहानपणी मी शिकवायला बसले की पळून जायचास. तिला माझ्याकडून वाचून घेऊन उत्तर दिलेलं चालणार नाही, आणि मीही वाचून देणार नाही.

ताई